दिवसभर पायात असलेले बूट

मुंबईत माणसाचा वास लपत नाही. संध्याकाळची स्लो लोकल परळला येते तेव्हा लेडीज डब्यात चढणारी प्रत्येक जण आपला दिवस अंगावर घेऊनच चढते. हॉस्पिटलचं स्पिरिट, शाळेतला खडू, पार्लरमधलं क्रीम, कुणाच्या पिशवीतली मेथी, आणि या सगळ्याच्या खाली पायांचा वास. बसायला जागा मिळाली की बाई पहिलं काम करते ते सँडलमधून पाय बाहेर काढायचं. बोटं ताणते, टाच गार पत्र्यावर टेकवते, डोळे मिटते. तेवढ्यात समोरची कुणीतरी ओढणी नाकाला लावते आणि ही झटकन पाय आत घेते. आठ-नऊ तास उभ्या राहिलेल्या बाईला पाच मिनिटं पाय मोकळे सोडायचीही चोरी, हे मला फार लागतं.

मला लिहायचंय ते याच्या अगदी उलट टोकाबद्दल. माझ्या नवऱ्याला माझ्या दिवसभर घातलेल्या बुटांचा वास आवडतो. सहन होतो असं नाही, आवडतो. त्या आवडीत शरीराची ओढ आहे आणि ती आमच्या संसाराचा भाग आहे. याला फूट फेटिश म्हणतात हे त्यालाही माहीत आहे, मलाही. हा लेख त्याला वाचून दाखवून, त्याचा होकार घेऊनच टाकतेय. एका वाक्याला त्याने हरकत घेतली, ते मी काढलं.

या विषयावर दोनच आवाज कानावर येतात. एक टिंगल करणाऱ्यांचा, दुसरा नाव लपवून बोलणाऱ्या पुरुषांचा. ज्या बाईच्या पायात ते बूट असतात तिचं म्हणणं मला कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून लिहितेय.

आम्ही मुलुंडला राहतो. लग्नानंतरचा पहिला पावसाळा होता. गाड्या रखडलेल्या, मी घरी पोचले तेव्हा मोज्यांतून पाणी गळत होतं. हा दारातच उकिडवा बसून माझ्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होता. एक बोळा भरायचा, दाबायचा, भिजला की काढून दुसरा. मी म्हटलं, "राहू दे रे, वास मारतोय त्यांना." तो म्हणाला, "मारू दे." मग हातातला बोळा तसाच धरून थोडा वेळ गप्प बसला. आणि मग म्हणाला, "अगं, मला आवडतो तो. बायकोजवळ जावंसं वाटतं ना, तसा आवडतो. विशीपासून आहे हे. कुणाला सांगितलं नाही कधी."

किळस आली नाही. वाटली ती लाज, आणि तीही त्याच्याबद्दलची नव्हे. कळायला लागल्यापासून मी हाच वास लपवत आले होते. पर्समध्ये मोज्यांचा जादा जोड, बुटात टाल्कम पावडर, अंघोळीनंतर तळव्यांना तुरटी, कुणाकडे हळदीकुंकवाला जायचं असेल तर आधी स्टेशनवरच्या नळाखाली पाय धुणं. माझ्याबद्दलची जी गोष्ट कुणालाच कळू नये म्हणून मी एवढी धडपडत होते, नेमकी तीच या माणसाला जवळची वाटत होती. हे पचायला वेळ लागतो. मी फक्त एक विचारलं, "माझ्याच बुटांचा, की कुणाच्याही?"

तो पटकन गोड उत्तर देऊ शकला असता. दिलं नाही. म्हणाला, "वास कुणाचाही असता तरी लक्ष गेलं असतं, खोटं नाही बोलणार. पण घरी यायची ओढ लागते ती तुझ्यामुळे."

या उत्तराशी मी बरेच दिवस भांडत होते, मनातल्या मनात. नंतर वाचताना आल्फ्रेड बिने भेटला. हा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ, बुद्धिमापनाच्या चाचणीमुळे त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. १८८७ मध्ये त्याने प्रेमातल्या या ओढीवर लिहिलं आणि तिच्या दोन पायऱ्या सांगितल्या. लहान आणि मोठी. लहान पायरीवर माणूस माणसावर प्रेम करतो आणि त्याचे डोळे, केस, हात, पाय, वास यांतलं काहीतरी त्याला जास्त खेचतं. इथे आपण सगळेच येतो. मोठ्या पायरीवर ती वस्तू एवढी वाढते की तिच्यामागचा माणूस दिसेनासा होतो. बिनेच्या सगळ्याच गोष्टी आज टिकत नाहीत, पण हा फरक टिकतो. माझ्या घरात काय चाललंय हे तपासायला मला तो अजूनही पुरतो. मी खोलीत असताना तो बुटांकडे बघतो की माझ्याकडे? माझा दिवस कसा गेला हे विचारतो की नाही? माझे पाय सुजलेत हे त्याच्या लक्षात येतं का? येतं. माझ्या आधी येतं.

आता वासाबद्दल, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. परळच्या एका हॉस्पिटलात मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लॅबमध्ये पुढून बंद असलेले बूट सक्तीचे. सकाळी घातलेले संध्याकाळीच निघतात, त्यामुळे माझ्या पायांना जे होतं ते कुठल्याही लॅबवालीच्या, नर्सच्या, पोलीस शिपाई बाईच्या पायांना होतं. घामाला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. दोन्ही पायांत मिळून सुमारे २.५ लाख घर्मग्रंथी, त्यांचा घाम बुटात कोंडतो, ऊब मिळते, कातडी भिजून मऊ पडते आणि मग जंतूंची पंगत बसते. त्यांतला मुख्य स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. हा माझ्या ओळखीचा. ब्लड अगरच्या, म्हणजे रक्त मिसळलेल्या जेलीच्या, लाल प्लेटवर रात्रीतून उगवतो, बारीक, पांढऱ्या, गुळगुळीत कॉलन्या, भोवतालचा लाल रंग तसाच राखून. पेशंटच्या रक्ताच्या कल्चरमध्ये आला की बहुतेक वेळा आम्ही धरून चालतो की सुई टोचताना कातडीवरून आत गेला असणार. निरोगी माणसाच्या अंगावर तो मुक्कामालाच असतो. घामातलं ल्यूसीन नावाचं अमिनो आम्ल तो मोडतो आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं. पायांचा तो आंबूस, किंचित गोडसर वास बराचसा याचा.

दुसरा जंतू ब्रेव्हिबॅक्टेरियम. मेलेल्या कातडीवर जगतो, गंधकयुक्त वायू सोडतो. त्याची एक सख्खी जात युरोपातल्या लिंबर्गर चीजच्या सालीवर वाढवतात, त्या चीजचा वास तिचाच. बार्ट नोल्स या डच कीटकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की आफ्रिकेत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस गॅम्बिए हा डास लिंबर्गरच्या वासाकडेही ओढला जातो, कारण माणसाला चावताना तो पाय शोधत येतो. या कामाला २००६ साली इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतं ते गमतीचं पारितोषिक. लोक हसले असतील, पण त्यातून मलेरियाच्या डासांसाठी सापळ्यात काय ठेवायचं याची वाट निघाली.

तेच आयसोव्हॅलेरिक आम्ल तगरीच्या मुळांतही असतं. फुलझाडाची तगर नव्हे, औषधी मुळांची. आयुर्वेदात ती आहे, धूपातही घालतात. काष्ठौषधींच्या दुकानात तिची पुडी उघडली की पाय काढलेल्या बुटाची आठवण होते, आणि तरीही लोक तिला सुगंधी द्रव्य म्हणूनच घेतात. २००५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हीच गोष्ट नीट मोजली. आयसोव्हॅलेरिक आम्लात थोडा चेडर चीजचा वास मिसळून माणसांना हुंगायला दिला. समोरच्या पडद्यावर 'चेडर चीज' लिहिलेलं असताना तो बरा वाटला, 'अंगाचा वास' लिहिलेलं असताना वाईट. बाटली तीच. मेंदूच्या स्कॅनमध्येही फरक दिसला. डब्यात ओढणी नाकाला लावणाऱ्या बाईच्या नाकापर्यंत काय पोचतं आणि माझ्या नवऱ्याच्या नाकापर्यंत काय पोचतं, यात रसायन म्हणून काही अंतर नाही.

आणि वास बाकीच्या संवेदनांसारखा वळसा घेत नाही. डोळ्यांचं, कानांचं, त्वचेचं सगळं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यातून जातं. वास तिथे न थांबता थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत शिरतो. त्यामुळे नाकाने जडलेली ओढ शब्दांत मांडायला जड जाते. मी एकदा त्याला विचारलं, नेमकं काय येतं रे तुला? त्याने विचार केला. म्हणाला, "आधी चामडं. मग रबर. मग तुझी पावडर, मग मीठ. आणि मग तू." नव्या बुटाचं त्याला काहीच नाही, त्याला म्हणे दुकानाचा वास असतो. धुतलेल्याचंही नाही.

हे होतं कशामुळे, यावर माणसं दीडशे वर्षं डोकं चालवतायत. क्राफ्ट-एबिंग या डॉक्टरने १८८६ मध्ये असे पुरुष रुग्ण म्हणून नोंदवले, आणि विकृतीचा शिक्का तेव्हापासून जो बसला तो बसलाच. लंडनमध्ये १९६६ साली स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञाने काही पुरुषांना बाईच्या बुटांचं चित्र आणि लगेच विवस्त्र स्त्रियांची चित्रं असं पुन्हा पुन्हा दाखवलं. काही वेळाने नुसत्या बुटांनाही शरीर प्रतिसाद द्यायला लागलं. म्हणजे ओढ शिकता येते. आपल्या मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांची कल्पना वेगळी. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा जो नकाशा आहे त्यात पाऊल आणि जननेंद्रियं शेजारी-शेजारी, तेव्हा तारा एकमेकींत गुंतत असतील. पाय कापावा लागलेल्या काहींना नसलेल्या पावलात सुख जाणवतं, हा त्यांचा आधार. कल्पना देखणी आहे आणि सगळीकडे तीच सांगितली जाते. पण २००५ च्या एका स्कॅनच्या अभ्यासात पुरुषाच्या इंद्रियाची जागा पावलाशेजारी मिळाली नाही, पोटाजवळ मिळाली. आणि नकाशा खरा धरला तरी त्यातून बूट कसा निघतो, वास कसा निघतो? माझा कल शिकण्याकडे आहे. पण नवऱ्याचं नेमकं कुठून सुरू झालं हे त्यालाच आठवत नाही आणि मी ते खणायला जात नाही. मला कोथिंबीर का आवडते हेही कुणी मला विचारलेलं नाही.

एवढं मात्र नक्की की तो एकटा नाही. इटलीतल्या बोलोन्याच्या संशोधकांनी २००७ मध्ये अशा आवडींबद्दल बोलणारे ३८१ इंटरनेट गट तपासले. पाय आणि पायांत घालायच्या वस्तू यांनाच सगळ्यांत जास्त पसंती निघाली. मी हे त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याला वाटायचं, एवढ्या मोठ्या मुंबईत असा आपण एकच.

तसं का वाटावं हे मला समजतं. पायाला आपण डोक्यावर घेतो आणि वहाणेला दारात ठेवतो. भरताने पादुका डोक्यावर घेतल्या. आळंदीहून माउलींच्या पादुका पालखीतून पंढरीला जातात आणि लाखो माणसं त्यांच्यापुढे लोटांगण घालतात. जयदेवाच्या गीतगोविंदात खुद्द कृष्ण राधेला म्हणतो, तुझं पाऊल माझ्या मस्तकावर ठेव. अळता लावलेल्या पायाची लाथ बसली की अशोक फुलतो, ही संस्कृत कवींची लाडकी समजूत. नवरीच्या पायात जोडवी, विरोद्या, मासोळ्या घालतो, त्या कुणी बघू नयेत म्हणून घालत नाही. बाईच्या पायात सौंदर्य आहे हे या मातीला कुणी नव्याने सांगायला नको.

आणि त्याच तोंडाने, पायातली वहाण पायातच बरी. भांडण टोकाला गेलं की हात चपलेकडे जातो. एखाद्या पुढाऱ्याची विटंबना करायची तर चपलांचा हार. चप्पल उलटी पडलेली दिसली तर घरात भांडण होईल म्हणून आजी धावत जाऊन सरळ करायची. पाऊल देव आणि त्याच्यावरचं चामडं सगळ्यांत नीच, या दोन टोकांमध्ये जागाच उरलेली नाही. ज्या पुरुषाला बाईच्या पायातलं पायताण जवळ घ्यावंसं वाटतं तो आपल्याच नजरेत सगळ्यांत खालच्या पायरीवर जाऊन बसतो.

हे चामडं नीच का झालं, यावर बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ज्यांनी जनावर सोललं, चुन्यात भिजवलं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलं, ज्यांनी आख्ख्या गावाला पायात घालायला दिलं, त्यांना गावाने शिवेबाहेर ठेवलं. त्यांच्या कामाचा वास हे त्यांना दूर ठेवायचं कारण म्हणून पुढे केलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. आता ती परदेशात मिरवते. पण ती शिवणाऱ्याच्या घरचं पाणी न पिणारी माणसं माझ्या आजीच्या पिढीत होती, आणि तेव्हाही त्यांच्या पायात त्याचीच चप्पल होती. त्या अन्यायाशी माझ्या नवऱ्याच्या संकोचाची तुलना मी करत नाही, ती करणं अभद्र होईल. मला एवढंच दिसतं की चामड्याची आणि पायाच्या घामाची जी घाण आपल्याला जन्मजात वाटते, तिच्यात शिकवलेला भाग फार मोठा आहे, आणि शिकवणाऱ्यांचे हेतू चांगले नव्हते. ठक्करबाप्पा कॉलनीत बूट बनवणाऱ्यांच्या गल्लीतून जाताना चामडं आणि सोल्युशनचा वास अंगावर येतो. मला त्यात काम दिसतं. नवऱ्याला, तो म्हणतो, सुरुवात दिसते.

अशा वेळी र. धों. कर्वे यांची आठवण येतेच. याच मुंबईत १९२७ ते १९५३ त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक चालवलं. वाचक लैंगिक जीवनाबद्दल प्रश्न पाठवायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे, सरळ, शास्त्राला धरून, नाक न मुरडता. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी आधीच सोडावी लागलेली, मागे अश्लीलतेचे खटले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं हाच तिथे गुन्हा होता. खटला हरले. मी कल्पना करते, गिरगावातल्या एखाद्या खोलीत दिव्याखाली बसून कुणीतरी आपल्या बायकोच्या वहाणांबद्दल पोस्टकार्ड नव्हे, बंद पाकिटातलं पत्र लिहितोय. त्याला पाठवायला एक पत्ता तरी होता.

आज पत्ते जास्त आहेत. डॉक्टरांच्या जगात निदानच बदललंय. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात, नुसती अशी आवड असणं हा आजार नाही. त्यातून माणसाला स्वतःला बराच काळ त्रास होत असेल किंवा जगणं अडत असेल तरच तो आजार. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यातून तर फेटिशिझम हे नावच गेलं. ज्याला खरोखर त्रास होतोय, ज्याला बुटांशिवाय कुणाजवळही जाता येत नाही आणि ते खुपतंय, किंवा जो स्वतःला संपवावं इतका लाजतोय, त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आता अवघड भाग. लग्नाआधी मी दादरला पेइंग गेस्ट म्हणून राहायचे. जुनी इमारत, लांब कॉमन पॅसेज, आमच्या चपला दाराबाहेर ओळीने. एका मैत्रिणीचे सँडल गेले. मुंबईत चपला जातात, देवळाबाहेर तर हमखास. पण तिच्या शेजारी नवे कोरे बूट होते ते तसेच राहिले आणि तिचे झिजलेले, पट्टा शिवलेले तेवढे गेले. थोड्या दिवसांनी पुन्हा तिचेच, पुन्हा जुनेच. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिला कळलं की हे विकायला नेलेले नाहीत. मालकीणबाई म्हणाल्या, जुनेच तर होते, नवे घे. कुणीतरी तिला बघतंय, तिच्या पायातलं ओळखतंय, ती कधी येते-जाते ते ठाऊक असलेलं कुणीतरी, हे त्यांना पटवता पटवता ती थकली. मग ती चपला हातात घेऊन आत यायला लागली, पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेवायला लागली. शेवटी खोली सोडली.

नवऱ्याने मला सांगितलं त्या रात्री ही मैत्रीण माझ्या डोळ्यांसमोर होती. मी त्याला तिची गोष्ट सांगितली आणि तोंडावर विचारलं, "तू कधी असं केलंयस?" तो म्हणाला, "नाही. पण मनात आलंच नाही असं नाही, म्हणून तर भीती वाटायची स्वतःची." मला हे उत्तर 'छे छे'पेक्षा बरं वाटलं.

दाराबाहेर काढलेली चप्पल मुंबईत उघड्यावर असते कारण खोलीत जागा नसते. ती टाकलेली नसते. डब्यात सँडलमधून पाय काढणारी बाई कुणाला काही दाखवत नसते, तिला पाय दुखत असतात. तिचा फोटो काढणारा हात तिच्याकडून काहीतरी घेतो आणि तिला ते माहीतही नसतं. अनोळखी मुलींना पायांचे फोटो मागणारे, वापरलेले मोजे विकत देतेस का विचारणारे मेसेज येतात. माझ्या लॅबमधल्या एकीलाही आले. तिने फोन मला दाखवला तेव्हा तिचा हात थरथरत होता. आवड तीच असेल, माझ्या नवऱ्याची आणि त्या मेसेजवाल्याची. मला दोघांमध्ये आभाळाएवढं अंतर दिसतं, कारण माझ्या नवऱ्याने ज्या बाईचे बूट होते तिला विचारलं, 'नाही' ऐकायची तयारी ठेवून. मुंबईतल्या पुरुषांना आणि बायकांनाही मला कळकळीने सांगायचंय की आवडीची लाज सोडा, पण विचारायची लाज आधी सोडा. अडकतं ते तिथेच. पुरुष विचारण्यापेक्षा चोरणं सोपं समजतात, कारण चोरी अंधारात होते आणि विचारायला तोंड वर करावं लागतं.

आमच्या घरात काही गोष्टी ठरल्यात. रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यातून आलेले बूट थेट बाथरूममध्ये, जंतुनाशकात. त्यावर वाद नाही. त्या पाण्यात उंदरांची लघवी असते, पायाला भेग असली तर लेप्टोस्पायरोसिस, आणि २६ जुलै २००५ नंतर तापाने फणफणलेली माणसं परळच्या वॉर्डांत कशी भरली होती हे लॅबमधले जुने लोक अजून सांगतात. तुंबलेल्या पाण्यातून चाललात तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते, ते मी सगळ्यांनाच सांगते. माझ्या बोटांच्या बेचक्यांत बुरशी असेल तेव्हाही त्याने बूट जवळ घ्यायचे नाहीत. बूट मी आत, बेडरूममधल्या छोट्या रॅकवर ठेवते, पॅसेजमध्ये नाही. शिव नाडर विद्यापीठातल्या विकाश कुमार आणि सार्थक मित्तल यांना २०२५ चं इग नोबेल मिळालं ते याच कामासाठी, वास मारणाऱ्या बुटांमुळे शू रॅक वापरणं कसं नकोसं होतं आणि रॅकमध्ये यूव्हीसी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा बसवून जंतू कसे मारता येतील. तसा रॅक घेऊया का म्हणून मी विचारलं. नवरा म्हणाला, घे, तुझे पाय महत्त्वाचे. अजून घेतलेला नाही.

माझ्यात काय बदललं तेही सांगते. लोकलमध्ये मी आता पाय बाहेर काढते आणि कुणी नाक मुरडलं तरी आत घेत नाही. तुरटी लावते, पण त्वचेसाठी. ज्या दिवशी मी दमलेली असते, मला कुणी जवळ नको असतं, त्या दिवशी बूटही नको, हे त्याला सांगावं लागत नाही, पण मी सांगते. तो ऐकतो, उठून चहा टाकतो.

मध्यंतरी बूट फाटले म्हणून लिंकिंग रोडला गेलो. एका स्टॉलवर त्याला निमुळत्या पुढच्या बाजूचे, बारीक टाचेचे लाल सँडल दिसले. हातात घेऊन बघितले, माझ्याकडे बघितलं. "घालशील? फक्त घरी." मी एक पायात घालून बघितला. करंगळी दुमडली, टाच हलत होती. नाही म्हटलं. त्याने सँडल जागेवर ठेवला, डब्याचं झाकण लावलं. मग काळे, सपाट, पुढून बंद असलेले, आतून खऱ्या चामड्याचं अस्तर असलेले बूट घेतले, घासाघीस करून दीडशे रुपये कमी केले, आणि वांद्र्याहून दादर, दादरहून मुलुंड गाडी पकडली.